निळी केबल कोणी काढली

मंगळ, ४ नोव्हें.
दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणत टाळतोय. आज नाही लिहिलं तर कोणासमोर तरी तोंडातून निसटेल.

महापेच्या डेटा सेंटरात बँकेसाठी स्टोरेजची, म्हणजे डेटा साठवायच्या मशीनची, ट्रायल. एका रॅकमध्ये आपलं मशीन, शेजारी दुसऱ्या कंपनीचं. जे टिकेल त्याला ऑर्डर. आपलं जुन्या वळणाचं, डेटाला वेगळी नारिंगी केबल. त्यांचं नवं, डेटा नि नेटवर्क सगळं एकाच निळीतून. आमच्या टीमचे प्रमुख भोसले सर हसतात, "पिण्याचं नि गटाराचं एकाच पायपात!" पण ऑर्डर गेली तर आमची टीम बंद, हेही तेच म्हणाले.

आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: नारिंगीला हात लावण्याआधी तीनदा विचार, निळीत नुसतं नेटवर्क, ती बिनधास्त काढ.

दुपारी रॅकमध्ये जागा करताना सरांनीच शेजारच्या मशीनची एक निळी काढली. सवयीचा हात. लगेच परत लावली, पण त्यांचं मशीन गप्प झालं होतं. त्यांची दुसरी, राखीव केबल अजून जोडायची होती. मी शिडीवरून पाहिलं.

नाझिया धावत आली. त्यांची इंजिनीअर, उरणची. "कोणी हात लावला का?"
सर: "आमी कशाला लावू, मॅडम? तुमचीच नवी टेक्नॉलॉजी."
मी शिडीवर वायरी बांधत राहिलो.

बुध, ५
त्यांचं मशीन नापास. सरांनी सगळ्यांना पॅटिस वाटले. माझा मी पार्किंगमधल्या मांजरीला टाकला. एका डोळ्याची आहे. पिल्लं घेऊन जनरेटरच्या उबेला झोपते, एवढ्या आवाजात कशी काय... असो.

एपीएमसी मार्केटात कांदा उचलला, द्रोणागिरीच्या यार्डात कंटेनर धुतले, कुठेच टिकलो नाही. इथे सरांनी हेल्पर म्हणून चिकटवलं. गळ्यात पहिलं आय-कार्ड.

शुक्र, ७
चहाला सर म्हणाले, "तू शिडीवर होतास ना? काय दिसलं?"
"वायरीच वायरी."
"हुशार आहेस." खांद्यावर हात ठेवला, काढेचनात. त्यानेच जास्त घाबरलो.

गेटवर नाझियाने गाठलं. "केबल निघाली होती एवढं मशीन सांगतं. कोणी काढली ते नाही सांगत. ऑफिसात सगळं माझ्यावर आलंय, सोमवारी नोकरीवरून काढतील. तू तर तिथेच होतास ना रे?"
म्हटलं, बस आली माझी. बस आली नव्हती.

रवि, ९
सांगितलं तर सर जातात. नाही सांगितलं तर ती. माझं तर दोन्हीकडून... तिला मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला, पाठवला नाही. भर दुपारी कडी लावून बसलोय. जिन्यात पाय वाजला की फोन उशीखाली सारतो.

आत्ता खालून घरमालकीण काकू ओरडली, "अरं पोरा, तुजा सायब आयलाय! संगतीला कोन बाय हाय. वर धाडू का?"

खिडकीतून बघितलं. सर दिघ्यात, आमच्या वस्तीत, कधी पाय ठेवत नाहीत. एकाच रिक्षातून उतरलेत, सर आणि नाझिया. सरांनी तिच्यापाशी कबूल केलं, की माझ्याच तोंडून ऐकायला आलेत? दोघंही वर बघतायत.