आतून लावायचं दार

प्रिय ठमाबाई,

रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार, आणि बाबा तिच्यात नवीन दारं बसवत बसलेत, हे आईकडून कळल्यावर तू वैतागलीस म्हणे. वैतागणारच. पण जरा दम धर. मागे पलंग, मध्ये ओटा आणि कोपऱ्यात न्हाणीघर असलेल्या आपल्या फिरत्या गाडीला ‘डबा’ हे नाव तूच ठेवलंस. आठवतं, पलंगाकडचं दार उघडलं की ओट्याचा खण अडायचा, आणि चहा करणाऱ्याला पोट आत घेऊन उभं राहावं लागायचं? त्यावरून तुम्हा मायलेकींची रोज जुंपायची. ते दार काढलं, न्हाणीघराचंही काढलं. आता दोन्ही सरकती आहेत. भिंत इतकी पातळ की स्क्रू धरेचनात. मग लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर वरचा रूळ बसवला. पहिलं दार बसवून फेरी मारताना कडी लावायला विसरलो, तर वळणावर दार सुसाट सुटलं आणि धाडकन आपटलं. आई म्हणाली, “लेकीवर गेलंय.”

बाबा जरा घसरले, असं तुला कळवलं होतं. घसरलो हे खरं, पण ‘जरा’ नव्हतं. डब्याच्या न्हाणीघरात पडलो तो नेमका दाराला पाठ लागून, आणि ते दार आत उघडणारं. आई बाहेरून ढकलायची, तो धक्का माझ्या मोडलेल्या खांद्यालाच बसायचा. मी ओरडलो की ती थांबायची, गप्प राहिलो की आणखी घाबरायची. शेजारच्या गाडीवाल्याने पहार आणून दार उचकटेपर्यंत ती फटीला तोंड लावून माझ्याशी बोलत होती. काय वाटेल ते बोलत होती बिचारी, भाजीत मीठ जास्त झालंय इथपर्यंत.

हाड जुळलं. पण तेव्हापासून ती मला घरातलंही दार लावू देत नाही. आंघोळीला गेलो की बाहेर उभी, आणि मिनिटामिनिटाला “अहो, आहात ना?” तिला विचारावं लागू नये म्हणून मी आतून गाऊ लागलो. माझा आवाज तू ऐकलायस. त्यापेक्षा दारं बदललेली बरी. गाडी वीक म्हणतेस ते मायेपोटी, हे मला कळतं गं. पण गाडी गेली तरी आईची भीती कुठे जाणार? ती आमच्याबरोबर घरातच राहील.

काल दारं पुरी झाली. मी न्हाणीघरात गेलो, आतून कडी लावली, दाराला पाठ टेकून खाली बसलो आणि आईला म्हटलं, उघड. ही कडी बाहेरूनही नाण्याने फिरवता येते. बराच वेळ काही हललं नाही. मग दार माझ्या पाठीला घासत बाजूला गेलं आणि मी मागे तिच्या पायांवर कलंडलो. तिने मला उठवलं आणि स्वतः आत जाऊन तशीच खाली बसली. आतून म्हणाली, “आता मी पडलेय. उघडा.” ठमे, इतके महिने आम्ही दोघं माझ्याच पडण्याची काळजी करत होतो. तिच्या पडण्याचा विचार मला शिवलाही नव्हता. या खांद्याने जुनं दार मला ढकलवलं नसतं. हे मी डाव्या हाताने उघडलं. आत ती रडत होती, हसतही होती. “जमलं की तुम्हाला,” म्हणाली.

तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. त्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळव. रविवारी आम्ही निघतोय, आई चादरी भरतेय. आज सकाळी मी डब्यातच आंघोळ केली, दार लावून. बाहेरून कोणी काही विचारलं नाही. मी आपला सवयीने गात होतो, तर ती ओट्यापासून ओरडली, “अहो, पुरे करा आता!”

तुझाच बेसूर,
बाबा