बाबांचे रविवार

दादा,

थंडी पडताच तू दोन दिवस आलास आणि बाबांच्या सुतारकामाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली घेऊन गेलास. "या वयात गारठ्यात रंधा मारत बसायचं नाही," असं त्यांना दटावलंस. तुला विचारलं होतं कुणी?

तेव्हापासून दर रविवारी बाबा स्वेटर चढवून त्या दाराशी जायचे आणि मुकाट्याने परत फिरायचे. आज मी कुलूप फोडलं आणि आत हीटर ठेवला. बाबा उंबऱ्यावरच थांबले.

"दादा ओरडेल गं," ते हळूच म्हणाले.

आपले बाबा तुला घाबरतात, दादा. हे वाचून तू आधी त्यांनाच फोन करून झापशील, म्हणून पत्र पाठवत नाही.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
धाकटी