डाव्या खुर्चीचा वारस

मी, नंदीश प्रभुलिंग हत्तुरे, वय एकवीस वर्षे आठ महिने, धंदा मोटार रिवाइंडिंग, शिक्षण अर्धवट, राहणार जुळे सोलापूर, सध्या मुक्काम सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात, दुसरा मजला, खिडकीकडची खाट, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हे डोके तापट आहे असे घरचे, कॉलेजचे आणि टॉकीजचे लोक एकमताने सांगतात. पण तापलेले डोके वेगळे आणि बिघडलेले डोके वेगळे, हे निंगप्पामामांनीही मान्य केले आहे. मामा कोर्टाबाहेर टेबल टाकून तीस वर्षे दस्त लिहितात. मजकूर माझा आहे. भाषा जिथे कडक झाली आहे तिथे ती मामांची समजावी. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, नशा केलेली नाही. सकाळपासून चहासुद्धा दिलेला नाही.

उद्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता माझे अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "अरे, परवा घरी जाशील." वडील म्हणतात, "लग्नाचा पत्ता न्हाय आन मृत्युपत्र लिवतंय!" दोघांचेही ऐकून घेतले. पण भूल देऊन चाकू चालणार तो माझ्या पोटात, त्यांच्या नाही. आणि काही गोष्टी मी तोंडाने सांगायला गेलो की भांडण होते, असा अनुभव आहे. म्हणून लेखी.

मामांनी सुरुवातीलाच एक गोष्ट बजावली, ती इथे नोंदवतो. "आपल्या टेबलाची पद्धत हाय बघ. ज्येला काय मिळणार त्येची साक्ष आपण घेत नाही. सही केली की त्येच्या नावाचं कलम मी स्वतः खोडतो. मग रडू नको." मी म्हणालो, "मी कशाला रडू?" मामांनी चष्म्यावरून बघत पेनाचे टोपण काढले.

कलम १. अपेंडिक्स कोणालाही देऊ नये. त्याने माझी फसवणूक केली आहे. गेल्या रविवारपासून पोटात जे दुखत होते ते मी तीन दिवस प्रेमाचे दुखणे समजलो आणि मुकाट्याने सोसले. बुधवारी उलटी झाल्यावर खरे कारण कळले.

कलम २. दुकानातील पक्कड, मल्टीमीटर आणि तांब्याची तार वडिलांचीच आहे, ती वडिलांकडेच राहील. उजनीकाठच्या केळीवाल्यांच्या पंपाच्या सहा मोटारी दुकानात उघड्या पडल्या आहेत. त्यांतली हिरवी मोटार मी रागाच्या भरात उलटी गुंडाळली आहे. चालू करण्यापूर्वी पुन्हा उकलावी. वडिलांनी माझ्याविषयी काय बोलायचे ते मोटार उकलताना बोलून घ्यावे, आईसमोर नको.

हाताने फिरवायचे गुंडाळणीयंत्र मात्र मी स्वतः बनवले आहे. ते इलाहीबक्षचाचांना द्यावे. चाचा नूरमहल टॉकीजमध्ये दर रविवारी सकाळी साडेनऊला जुन्या, मुक्या चित्रपटांची रिळे लावतात. मोटारीची तार आणि चित्रपटाची फिल्म दोन्ही सारख्याच ताणाने गुंडाळावी लागते. सैल सोडली की गुंता, ओढली की तुटते. हे चाचांनी मला पहिल्या दिवशी सांगितले आणि पुढे म्हणाले, "तेरे दिमाग का भी यहीच है बेटा. जरा ढील दे की." यंत्राचा दांडा डावीकडे जड जातो. तेल घालावे.

कलम ३. कॉलेज. दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत एका सरांनी विचारले, "हत्तुरे, पिक्चर बघून पोट भरतं का?" मी फाईल टेबलावर आपटून बाहेर आलो. कॉलेज मी सोडले, मला काढलेले नाही. हे घरात अजून नीट कळलेले नाही, म्हणून लिहून ठेवतो. त्या सकाळी फिरत फिरत नूरमहलच्या दारात पोचलो. आत पंचवीस-तीस माणसे, बहुतेक म्हातारी, आणि पडद्यावर एक बाई दिवा पुसत होती. नुसता दिवा पुसत होती. तीन मिनिटे. आमच्या घरात, दुकानात, कॉलेजात सगळे ओरडून बोलतात, आणि त्यांत सर्वांत मोठा आवाज माझा. तिथे माणसे भांडत होती, रडत होती, माफी मागत होती आणि आवाज नव्हता. फिल्मवरच्या ओरखड्यांचा पाऊस सारखा पडत होता. मी त्या दिवशी दीड तास गप्प बसलो. हा माझा आजवरचा उच्चांक आहे. सरांना कळवावे की पोट भरत नाही. पण तिथे भूक आठवत नाही.

कॉलेजचे ओळखपत्र कोणालाही द्यावे. फोटो बरा आला आहे.

कलम ४. शिवराज यास माझे मनगटी घड्याळ द्यावे. शिवराज या मुक्या चित्रपटांना कॅसिओवर साथ करतो. घड्याळ प्रेमाने देत नाही, ताल सुधारावा म्हणून देतो. ऑगस्टमध्ये एका अंत्ययात्रेच्या दृश्याला त्याने वरातीची चाल वाजवली. विचारले तर म्हणे, "अरे, बोट सरकलं." बोट अडीच मिनिटे सरकत नाही. शिवाय मध्यंतरात तो फक्त एकाच व्यक्तीसाठी गरम भजी आणतो आणि माझ्या हातात तेलकट कागद देऊन सांगतो, "टाक की रे बाहेर." हा राग मी बरोबर नेणार होतो, पण उद्या दागिने, चष्मा, सगळे काढून आत जायचे आहे म्हणतात. तेव्हा तोही इथेच ठेवतो.

कलम ५. माझी वही. हिच्यासाठीच खरे तर हा सगळा कागद.

मुक्या चित्रपटात मधूनमधून संवादाच्या पाट्या येतात. त्या इंग्रजीत असतात. नूरमहलच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना मराठी येते, निम्म्यांना कन्नड; इंग्रजी जवळपास कोणालाच नाही. म्हणून चाचांनी पडद्याखाली दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. डाव्या खुर्चीवरून पाटी मराठीत वाचायची, उजव्या खुर्चीवरून कन्नडमध्ये. पाटी आली की चाचा मशीन जरा संथ करतात. तेवढ्या वेळात दोघांचे वाचून झाले पाहिजे. नियम एकच. चाचांच्या शब्दांत, "पाटी पे जो है उतनाच पढना. अपना मसाला नक्को."

डावी खुर्ची गेले सात महिने माझी आहे. उजव्या खुर्चीवर अक्षता बिज्जरगी बसते. ती शिवराजच्या वर्गात शिकते. म्हणजे पुढे जाऊन इंजिनिअर होणाऱ्यांपैकी. मी आदल्या दिवशी रीळ बघून पाटीचा अर्थ वहीत लिहून आणतो. ती काही लिहीत नाही, पडद्याकडे बघते आणि सरळ सांगते. अठ्ठावीस खेळांत मी तिला प्रियकराच्या, नवऱ्याच्या, दर्यावर्दीच्या, एकदा तर लुटारूच्या तोंडून काय काय म्हणालो आहे. लोकांना वाटते मी पाट्या वाचतो.

गेल्या रविवारची हकीकत लोक आपापल्या सोयीने सांगत आहेत. खरी अशी. चित्रपट बंदरावरच्या दिवेवालीचा होता. तिला एक खलाशी सात वर्षे रोज पत्र लिहितो आणि एकही टाकत नाही. शेवटच्या रिळात दोघे धक्क्यावर समोरासमोर येतात. त्याचा चेहरा सगळा पडदा भरून. शिवराजसुद्धा वाजवायचा थांबला. वहीत काय लिहिले आहे ते ठाऊक असूनही मला वाटले, आता हा बोलणार. पाटी आली. पाटीवर होते, "पाऊस येईल. छत्री घेऊन ये."

आता हे काय बोलणे झाले? सात वर्षे थांबलेला माणूस छत्रीवर येतो? माझे डोके फिरले. मी वही मिटली आणि माईकवर म्हणालो, "सात महिने तुझ्या शेजारी बसून दुसऱ्यांचं प्रेम वाचतोय. आज माझं ऐक. मला तुझ्याशिवाय करमत नाही."

अक्षताने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "मळी बरतैति. छत्री तगोंड बा."

मराठी बाजूला प्रेम गेले, कन्नड बाजूला छत्री. मराठी बाजूचे डोळे पुसू लागले, कन्नड बाजूचे पाऊस कधी येतो त्याची वाट बघत बसले. ज्यांना दोन्ही भाषा येतात ते मात्र आधी एकमेकांकडे बघू लागले. मग चौथ्या रांगेतून अक्षताच्या आजी मल्लव्वा यांचा आवाज आला, "अगं बया! पोरगं जीव टाकाया निगालं, आन ही त्येला छत्री मागतीया!"

सगळे टॉकीज हसले. मल्लव्वांना ठसका लागला, मागच्याने पाठ चोळली. शिवराज कॅसिओवर डोके टेकून हसत होता, त्यामुळे चार-पाच सूर एकदम वाजले. मी उठलो, "दात काढू नकोस," असे त्याला म्हणालो, "हा गळा पुन्हा या टॉकीजमध्ये उघडणार नाही," असे सर्वांना म्हणालो, वही फेकली आणि बाजूचे दार लाथेने उघडून बाहेर गेलो. दार पूर्वेकडे आहे. बाहेरचे ऊन सरळ पडद्यावर गेले आणि दिवेवालीचे पुढे काय झाले ते कोणालाच दिसले नाही. मागून चाचांचा आवाज ऐकू आला, "अरे दरवाजा! दरवाजा तो लगा की, मजनू!"

मी तो लावला नाही. या एका गोष्टीची मला लाज वाटते. बाकीच्या गोष्टींचा विचार चालू आहे.

फेकलेली वही अक्षताने उचलली असे कळते. असेल तर ती तिचीच. त्यात अठ्ठावीस चित्रपटांच्या पाट्या आहेत. शेवटच्या पानावर छत्रीची पाटीही नीट लिहिलेली आहे. म्हणजे मला माहीत होते, मी चुकून वाचले नाही, हेही तिने वाचून घ्यावे.

कलम ६. डावी खुर्ची. येत्या रविवारी चाचा तेच शेवटचे रीळ पुन्हा लावणार आहेत, कारण लोकांनी शेवट दाखवा म्हणून गोंधळ घातला. सोमवारी रिळांचे डबे पुण्याच्या मालकाकडे परत जातील. डाव्या खुर्चीवर कोणी नसेल तर मराठी बाजूला शेवट मुका जाईल. शिवराज बसायला तयार आहे असे ऐकतो. त्याने बसू नये. त्याचे मराठी कॅसिओसारखेच आहे.

मी खुर्ची अक्षताला देतो. तिला दोन्ही भाषा येतात. तिने दोन्ही खुर्च्यांवरून वाचावे. मधल्या खांबाला टेकून उभी राहिली तरी चालेल. मी असलो काय, नसलो काय, मी पुन्हा तिथे तोंड उघडणार नाही असे सर्वांसमोर बोललो आहे. आणि रविवारपासून आज गुरुवारपर्यंत तिचा फोन नाही, निरोप नाही. छत्रीची पाटी तिने वाचली ते नियम म्हणून, की तेच माझे उत्तर, हे मला समजलेले नाही. मला एवढेच समजून उद्या आत जायचे होते. ते कोणाच्या नावे करता येत नाही म्हणून कलम इथे थांबवतो.

कलम ७. उशाखाली बाजूच्या रांगेचे एक जुने तिकीट आहे, मागे तिने हिशेबी अक्षरात "घसा शेकून ये" लिहिले होते. तेही अक्षताला परत. माझ्या घशाचे तेव्हा खरोखर बरे नव्हते.

वरीलखेरीज माझी मिळकत नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. कॉलेज सोडताना सरांना लिहिलेली चिठ्ठी मृत्युपत्र समजू नये. मामा हा कागद साक्षीदारांकडे फिरवणार आहेत. एक साक्षीदार शेजारच्या खाटेवरचे प्रभुलिंगकाका आहेत, माझ्या वडिलांच्याच नावाचे. दुसरा मामा शोधून आणतो म्हणाले. कुठून, ते सांगितले नाही. स्कूटर काढून गेले.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५, दुपारचे सव्वातीन

सही : नंदीश प्र. हत्तुरे

साक्षीदार १ : प्रभुलिंग शिवलिंग कोनापुरे, राहणार वेळापूर. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. पोरगा शुद्धीत आहे. दोनदा उठून जिन्याकडं बघून आला.

साक्षीदार २ : अक्षता ईरप्पा बिज्जरगी, राहणार सोलापूर. मजकूर मी जिन्यात बसून पूर्ण वाचला. साक्ष केल्यास मला दिलेले काहीही मिळणार नाही, हे मामांनी समजावून सांगितले. समजूनच सही करते. फोन केला नाही, कारण आज्जीने माझा फोन घेऊन चार दिवस सगळ्या नातेवाइकांना ही गोष्ट सांगितली. पाटीवर आहे तेवढेच वाचायचे, हा नियम मी मोडणार नाही. पाटीवर नसलेले विचारायचे असेल तर माईक बंद करून विचारावे, दार बंद करून उत्तर देईन. डॉक्टर शनिवारी सोडतो म्हणाले आहेत. रविवारी साडेनऊ. टाके दुखले तर बसूनच वाच. छत्री घेऊन ये.

कलम ५, ६ व ७ खोडली. खुर्ची मूळ मालकाकडे.
निंगप्पा, दस्तलेखक