बायकोचं मूळ नाव परत देण्याबाबत

१ मार्च, शनिवार. सकाळी
पुढच्या शनिवारी बारामतीत परिसंवाद. विषय स्त्रीवादी तत्त्वज्ञान. माझा पेपर : 'नाव आणि स्त्रीचं स्वत्व'. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिहितो आणि बाईचं आधीचं अस्तित्व पुसून टाकतो. मुद्दा जबरदस्त. आमच्या बावडा गावात हे कळणारा मी एकटाच.
पेपर गाजला की विभागप्रमुखपद पक्कं. कॉलेजच्या तत्त्वज्ञान विभागात मी एकटाच आहे, तरी प्राचार्य टाळतात.

दुपारी
निश्चय. भर सभेत माधवीला तिचं मूळ नाव परत द्यायचं. 'माधवी' मीच ठेवलेलं. ऐन मांडवात सुचलं, आतून आवाज आल्यासारखं.
अडचण : मूळ नाव आठवत नाही. बघायला गेलो तेव्हा पोहे फार चांगले होते.

३ मार्च
आईला विचारलं. म्हणाली, बायकू घरातच हाय, तिलाच इचार की. तिला कसं विचारणार? सरप्राइज आहे. शिवाय तिच्या मुक्तीत तिला ओढणं बरं नव्हे.

४ मार्च
माधवीनं विचारलं, पेपरात काय हाय? म्हटलं, तुला जड जाईल. ती म्हणाली, बरं, शर्टाचं बटण तरी लावून ठेवते.

५ मार्च
नरसिंहपूरला जाऊन सासऱ्यांना आडून विचारलं. ते आधी उसाबद्दल बोलले, मग पाण्याबद्दल. शेवटी खाली बघत म्हणाले, चौथी पोरगी, आमी नकोशीच म्हणायचो. जावईबापू, आता कशाला काढता?
फार वाईट वाटलं, मोटरसायकल सुरू होईपर्यंत. मग लक्षात आलं, पेपरला याहून चांगला शेवट मिळणार नाही. नाव कसंही असो, तत्त्व महत्त्वाचं.

८ मार्च, संध्याकाळी
जाहीर केलं : आजपासून हिला कुणी माधवी म्हणणार नाही, ही नकोशी. टाळ्यांसाठी थांबलो. आल्या नाहीत.
माधवी पहिल्या रांगेतून उठली. स्टेजवर येऊन तिनं पर्स माझ्या हातात दिली आणि माइक घेतला. म्हणाली, माधवी हे नाव मी बारावीतच ठरवलं हुतं. लग्न जमल्यावर सासूबाईंना फोन करून सांगितलं, ह्यांना हेच लिवायला लावा. त्यांनी मांडवात मागनं ह्यांच्या कानात सांगितलं, ह्यांनी नुसतं बोट फिरवलं. जे नाव मी टाकून दिलं ते परत आणायच्या आधी ह्यांनी मला इचारलं का?
आता टाळ्या आल्या. अध्यक्ष साक्षी मॅडम म्हणाल्या, सरांचा उरलेला वेळ माधवीताईंना द्या.
लाज वाटली. पण तिची पर्स धरून मी शेवटपर्यंत स्टेजवर उभा होतो. याला प्रात्यक्षिक म्हणता येईल.

९ मार्च
पेपरचा प्रभाव दिसू लागला. इंदापूरच्या एका महिला मंडळाकडून व्याख्यानाचं निमंत्रण आलं. माधवीला. विषय माझाच. म्हटलं, प्रास्ताविक मी करतो. ती म्हणाली, नगं, तुमी गाडीत पेट्रोल तेवढं टाकून ठेवा.
टाकून आलो. फुल टाकी.