डाग कशाचा, ते विचारायचं नाही

प्रिय ताई,

तुला जाऊबाई म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी तू मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढून म्हणाली होतीस, "ते अहो-जाहो पुरुषांसाठी ठेव, त्यांचं पोट त्यावरच भरतं. मला तू म्हण." सात वर्षांनी लिहितेय, म्हणून रागावली असशील. रागाव. पण आधी खुशाली ऐक. मी बरी आहे. लेक बारा वर्षांची झाली, उंचीला माझ्या खांद्याशी आली आणि भांडणात थेट तुझ्यावर गेली आहे. आणि इतकी वर्षं तुझ्या टिल्लूची आठवण रोज आली. तो जन्मला तेव्हा घरभर आनंदीआनंद होता, आणि तू मात्र माझ्या कानात म्हणालीस, मुलगी झाली असती तर सुटली असती. अठरावं लागलं की मामंजी मुलांना 'कामाला' घेतात. मी आता शब्द गिळत नाही, म्हणून लिहूनच टाकते: काम म्हणजे माणसांना धमकावणं, उचलून नेणं, आणि कधीकधी परत न आणणं. टिल्लूला अठरावं लागलं. तुझ्या रात्री कशा जात असतील, ते मला इथे बसून कळतं.

तुला हसवायचं आहे, म्हणून आमच्या शेजाऱ्याची गोष्ट सांगते. आपल्याकडे बेल वाजली की काय व्हायचं, आठव. रेडिओ बंद, भांडी बंद, बायकामुलं आतल्या खोलीत, आणि कुणी पुरुष फटीतून बघून मान हलवेपर्यंत अळीमिळी गुपचिळी. इथे आल्यावर मी तेच चालू ठेवलं. मान हलवणारा कुणी नव्हता, त्यामुळे दार उघडायचंच नाही! समोरच्या घरात एक निवृत्त बसड्रायव्हर राहतात. पाणी जाणार आहे, पार्सल आलंय, असं काही सांगायला बिचारे बेल वाजवून थकले आणि त्यांनी ठरवून टाकलं की या मायलेकी बहिऱ्या आहेत. मग जिन्यात भेटले की दोन्ही हातांनी खुणा करायचे. नळ, उद्या, नाही. आणि तुझी ही शहाणी जाऊ लाजेकाजेस्तव उलट खुणा करायची! महिनाभर हा तमाशा चालला. शेवटी लेक जिन्यात मोठमोठ्याने गाणं म्हणत उतरली आणि आमचं पितळ उघडं पडलं. आठवडाभर ते बोलले नाहीत. आता तिची सायकल तेच दुरुस्त करतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, माझा पीळ त्यांनी घालवला.

मी एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत आहे. तळघरात वाफच वाफ, चादरींचा डोंगर, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला एक बोलघेवडी बाई. दुपारनंतर बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी काउंटरवर उभी राहते. पहिल्या दिवशी आमच्या मुकादमीण बाई एकाला म्हणाल्या, "डाग कशाचा आहे?" माझ्या हातातला शर्ट पडला. घरातल्या पुरुषांचे कपडे धुताना तूच मला शिकवलं होतंस: थंड पाणी, मीठ आणि तोंड बंद. एकदाच मी विचारलं होतं, हे कुणाचं गं, तर तू साबणाचा हात माझ्या तोंडावर ठेवलास. इथे लोक आपणहून सांगतात. शाई, चहा, बाळ ओकलं. एकाने तर एका डागावरून अख्ख्या संसाराचं रडगाणं गायलं. मला सगळं ऐकायला आवडतं. डाग उघड दिसत असला तरी मी विचारते.

पण मी खाल्ल्या घरचे वासे मोजतेय असं समजू नकोस. माया तिथे होतीच. मामंजी संत्र्याच्या फोडीतली एकेक बी काढून मुलांना भरवायचे, बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस मुंगीवर पाय देणार नाही. माझा नवरा कामावरून परत आला नाही, तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस माझ्याभोवती बसून होतं. भाऊजींनी, टिल्लूच्या बाबांनी, स्वतःच्या हाताने मला पाणी पाजलं. आणि पंधरवड्यात दुसऱ्या कुठल्या तरी घरात तसाच आक्रोश झाला, त्याचं समाधान आपल्या पंगतीत सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मीही त्या दिवशी पोटभर जेवले, ताई. मायेला तोटा असता, तर मी केव्हाच निघाले असते.

निघाले ती लेकीच्या खेळामुळे. तुझ्याच खोलीत ती बाहुलीला खुर्चीला बांधून विचारत होती, "कुणाबरोबर होतास? नीट सांग, घरी मुलं आहेत ना तुला?" अगदी भाऊजींचा आवाज. तुला आधी हसू फुटलं, मग तू तोंड फिरवलंस. आपला टिल्लू तेवढा मुकाट्याने दोरी सोडत बसला. त्याच आठवड्यात तू म्हणालीस, पोरीचा दात दुखतोय म्हण आणि निघ. आमच्या मागे तू माझी खोली बंद केलीस, मायलेकी परत आल्यात, धाकटीचं डोकं चढलंय म्हणून सांगितलंस, दोन ताटं आत नेलीस आणि दोघींचं जेवण एकटीने संपवलंस! घरात ताकास तूर लागू दिली नाहीस. नंतर कानावर आलं की तुला चार शब्द ऐकावे लागले, बाकी काही नाही. मला ते खरं वाटून घ्यायचं होतं, म्हणून मी घेतलं.

इतकं पाल्हाळ मुद्दाम लावलं. पुढचं आधी लिहिलं असतं, तर तू घाबरून पत्र फाडलं असतंस. टिल्लू माझ्याकडे आहे. सोमवारी आला, शिवणवाल्या बाईकडून माझा पत्ता काढून. त्याला पहिल्यांदा गाडीत बसवून नेलं होतं, फक्त बघ म्हणाले. त्याने काय बघितलं ते तो सांगत नाही, मीही खोदत नाही. परगावी दुरुस्तीला दिलेली गाडी आणतो असं घरी सांगून तो निघाला आहे, म्हणजे शुक्रवारपर्यंत कुणाला संशय येणार नाही. आणि काल जेवताना त्याने मला तुझ्या उजव्या हाताचं सांगितलं. घरात सगळ्यांना सांगितलं तसं तू न्हाणीघरात पडली नव्हतीस. भाऊजींनी मामंजींसमोर तुझी बोटं दारात चिरडली, आणि टिल्लू तिथे उभा होता. मी गेले म्हणून. तो मला विचारतो, "काकू, तू तर सून होतीस. मी मुलगा आहे. आता आईचं काय करतील?" म्हणून हे पत्र. ते घेऊन आलेली तीच शिवणवाली बाई मापं घ्यायच्या निमित्ताने तुझ्यासमोर बसली आहे. तिला सगळं ठाऊक आहे. पत्र तिच्याकडेच परत दे. दुकानात कापड पसंत करून येते असं सांग आणि तिच्याबरोबर खाली उतर. बॅग नको, दागिने नकोत. तुझं लेकरू इथे आहे आणि मीही आहे. ताई, आता वाचत बसू नकोस. ऊठ.

तुझीच,
धाकटी