नळी माझ्याबरोबर पुरू नये

मी, गाओशेंग मुआ, वय चोवीस, राहणार सेंट पॉल, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठणकते आहे, पण बुद्धी ताळ्यावर आहे. उद्या सकाळी डॉक्टर ते डोके उघडणार आहेत.

लहानपणी मेंदूज्वर झाला. तेव्हापासून मेंदूत साचणारे पाणी पोटात उतरवणारी नळी माझ्या कानामागून, कातडीखालून जाते. ती तुंबली का, हे कापाकापीशिवाय कळावे, एवढ्याचसाठी मी शिकले. घरातली पहिली पदवीधर झाले. आमच्या प्रयोगशाळेत मानेवर, नळीच्या वाटेत बर्फ ठेवतात आणि गळ्याखालच्या हाडावर सेन्सर चिकटवतात. पाणी वाहत असेल तर गारवा खाली पोचतो. आज पोचला नाही. चांगली नळीही मधूनच थांबते, हे मला माहीत आहे. म्हणूनच जिवाला घोर आहे.

त्यात, चाचणीआधी आई गरम अंड्यात चांदीचे नाणे घालून, फडक्यात बांधून माझ्या मानेवर फिरवत होती.

"दुखणं ओढून घेतं गं ते. तुझ्या मशीनला काय होतंय?"

"आई, मशीन गारवाच तर शोधतं!"

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या अंड्यापायी तुझं डोकं फोडणार?"

१. माझी बचत आणि शिवणयंत्र आईला.

२. "डोक्यात नळी असलेल्या पोरीला कोण करणार?" असे भर जेवणात विचारणाऱ्या चोंगकाकांना माझी पदवीदानाची टोपी. त्यांनी ती एकदा तरी घालावी.

३. आत्मा शरीर सोडून जाऊ नये म्हणून आईने मनगटावर बांधलेले दोरे कापू नयेत. वरून पट्टी गुंडाळावी.

४. आमच्यात प्रेताबरोबर धातू, प्लास्टिक पुरत नाहीत. पुढच्या जन्मी तेच दुखणे येते म्हणतात. मी गेले तर नळी काढून प्रयोगशाळेला द्यावी. उभी चिरून बघावे. मोकळी निघाली तर माझी मोजणी चुकली, असे स्पष्ट लिहावे. माझी लाज राखू नये.

५. सही करण्याआधी मान पूर्ण निवू दिली आणि सहकारी एरिककडून पुन्हा बर्फ लावून घेतला. बराच वेळ थांबलो. सेन्सरचा आकडा हलला नाही.

आईला हे आजच सांगावे. अंड्याचा काही दोष नव्हता.

सही: गाओशेंग मुआ

साक्षीदार:
एरिक लिंडक्विस्ट, सहकारी
मार्वा टेलफोर्ड, शेजारच्या खाटेवरील रुग्ण ("सही करते, पण पोरी, उद्या जेवायला तू इथेच हवीस.")

सेंट पॉल, १४ जानेवारी २०२४