जोडीदार हजर

३ डिसेंबर २००३
आज कारखान्यावर रुजू झालो आणि आल्या आल्या मेसमध्ये पिठलं-भाकरी हाणली, तेव्हा नोकरीची सुरुवात झकास झाली म्हणायला हरकत नाही. माजलगावहून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आलो, कंबर अजून ठणकतेय. धरण पार आटलंय, पण कारखाना सुरू आहे. उभा ऊस वाळायच्या आत गाळायचा म्हणून जो तो घाईत. मला मात्र एकच काम: पाण्याचं यंत्र चालू ठेवायचं.

यंत्र म्हणजे टँकरशेजारी पत्र्याच्या शेडमधली राखाडी पेटी. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने येतात, त्या जोडीला इथे एक कोयता म्हणतात. दोघांच्या गळ्यात एकेक बिल्ला. दोघांनी आपापला बिल्ला खाचेत सारला की हिरवा दिवा, काचेवर २ चा आकडा आणि पाण्याची चिठ्ठी. आम्हा पगारी माणसांचं एकट्याचं खातं, त्याला १. कोणी दोनदा पाणी नेऊ नये म्हणून संचालक मंडळाने हे बसवलं. बनवणारी कंपनी बुडाली, मूळ प्रोग्रॅमही तिच्याबरोबर गेला. स्टोअरकीपर सर्जेराव म्हणाले, बिघडलं तर तुमी हाय अन् तुमचं नशीब हाय. माणूस मजेशीर दिसतो.

९ डिसेंबर
आज डोकं फिरलंय. पारूबाई म्हणून एक तोडकरी बाई आहे. तिचा नवरा धोंडीराम मागच्या पंधरवड्यात उसाच्या ट्रॉलीखाली गेला. त्याचा बिल्ला गळ्यात तसाच राहिला आणि चितेवर गेला. आता ही एकटी बिल्ला सारते आणि यंत्र लाल दिवा दाखवतं. टँकरवाला शहादेव मग नळीला हात लावत नाही. शेजारणी घोट-घोट देतात, पण त्यांच्याकडे तरी कुठे आहे? गावी जा म्हणावं तर तिकडे टँकरही येत नाही. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, एक मेला म्हंजी दोघांनी मरावं का? आणि रिकामी घागर घेऊन उभी राहिली. मला तेच जास्त लागलं.

सर्जेरावांना विचारलं तर म्हणे, यंत्र न्हाई म्हणतं, मी कोण हो म्हणनारा? असे एकटे उरलेले आणखीही आहेत. मी म्हटलं, मग यंत्रालाच हो म्हणायला लावतो. लावा, म्हणाले, मी काई बघितलं न्हाई.

१६ डिसेंबर
जमलं! यंत्रातल्या चिपमधलं सगळं ऑफिसच्या संगणकावर उतरवलं तर नुसते आकडे, पानंच्या पानं. ते वाचायला स्वतःच एक डिसअसेम्बलर लिहिला. कल्पना साधी आहे: एक आकडा घ्यायचा, तो कुठली आज्ञा ते तक्त्यात बघायचं, ती आज्ञा पुढचे किती आकडे गिळते ते बघायचं, ओळ छापायची, पुढे सरकायचं. आधी एका आकड्याने चुकलो, तर अख्खा प्रोग्रॅम भलतंच बोलायला लागला. गंमत म्हणजे प्रत्येक ओळ खरीच वाटत होती.

शेवटी हवं ते फंक्शन सापडलं. जोडीदार हजर आहे का, एवढंच ते बघतं आणि 'हो' नाहीतर 'नाही' घेऊन परततं. त्याच्या तोंडाशीच मी दोन आज्ञा बसवल्या: 'हो' धर, परत जा. बघत बसायचंच नाही. चिप पुसली, नव्याने भरली, बसवली.

पारूबाईने बिल्ला सारला. हिरवा दिवा, आकडा २. तिने यंत्राला हात लावून कपाळाला लावला. मी इतका खूश झालो की शहादेवला चहा पाजला.

२२ डिसेंबर
पारूबाई आली होती. घागर झाकून ठेवते आणि उसाच्या फडावरून येईपर्यंत ती अर्धी होते म्हणाली. मी म्हटलं, कोणीतरी चोरत असेल. तर म्हणाली, चोर न्हाई सायेब, धनी पितेत. लई तहानल्यात. हे तिने अगदी सहज सांगितलं, घरी आलेल्या माणसाचं सांगावं तसं. मी तिला उन्हाने पाणी आटतं वगैरे समजावलं. माझं मलाच ते पटलं नाही.

२६ डिसेंबर
भर दुपारी फडात जाऊन आलो. तोडकरी बिभीषणची बायको बाळंतपणात गेली, तोही एकटाच. तो पुढे ऊस तोडत चालला होता आणि मागे मोळ्या बांधून पडत होत्या. मी बांधावरून बघत होतो. बांधणारं कोणी दिसत नव्हतं. उसाच्या शेंड्याचं वाढं मात्र दोरीसारखं पिळत होतं, गाठ बसत होती.

त्याला विचारलं. मागे न बघताच म्हणाला, एकट्यानं किती करावं, सायेब? बांधती हाय तर बांधू द्या. त्याचे ओठ फुटलेत. स्वतःचं पाणी तो तिच्यासाठी ठेवतो. ऊस जास्त येतोय म्हणून सर्जेराव खूश आहेत. मला जेवण गेलं नाही.

२९ डिसेंबर
पारूबाईला उठवत नाही. माझी घागर तिच्या पाचटाच्या कोपीत नेऊन ठेवली, तिला पाजायला वाटी घेतली. माझ्यासमोर घागर रिकामी झाली. झाकण हललंसुद्धा नाही.

चूक माझी आहे. यंत्र विचारत होतं, जोडीदार हजर आहे का, आणि दरवेळी मेलेल्याच्या वतीने मी 'हजर' म्हणत होतो. प्रश्नच गाळायला हवा होता. आज नवी चिप भरली. आता तो प्रश्न ओलांडून प्रोग्रॅम थेट पुढे उडी मारतो. एकटा बिल्ला असला तरी पाणी मिळतं.

३१ डिसेंबर
मेलेले गेले नाहीत. घागरी तशाच रिकाम्या. मी किती मूर्ख! आता कोणी विचारतच नाही, मग त्यांना 'नाही' कोण म्हणणार? परत पाठवणारा तो एकच शब्द होता, तोही मीच काढून टाकला.

चिपमधून पहिल्यांदा उतरवलेली मूळ प्रत जपून ठेवलीय. तीच परत भरतो. पारूबाईचं पाणी बंद होईल, पण मी माझं देईन, शहादेवही चोरून देतो म्हणालाय. आधी धोंडीराम जायला हवा.

१ जानेवारी २००४
चिपमध्ये मूळचीच प्रत. दोनदा ताडून पाहिली, एक आकडा इकडचा तिकडे नाही. पारूबाईला धरून शेडमध्ये आणलं. तिने बिल्ला सारला — लाल दिवा. आयुष्यात लाल दिव्याने इतका आनंद झाला नव्हता.

मग खाच पुन्हा वाजली. कोणी हात लावला नव्हता. हिरवा. २.

यंत्र आता खरं बोलत होतं. शहादेव नळी टाकून पळाला. पारूबाईने शेजारी पाहिलं आणि पदर सारखा केला.

३ जानेवारी
पारूबाई गेली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नव्हतं. घागर उशाशी, कोरडी. मी मारलं तिला — पाणी मिळावं म्हणून केलं आणि —
ती तरी सुटावी म्हणून तिचा बिल्ला दगडाने फोडला. चितेवर जाऊ दिला नाही.

४ जानेवारी
शेडमध्ये कोणी नाही. खाच वाजते. लाल. पुन्हा वाजते. लाल.
तो एकटा. आता त्याला जोडीदार नाही —

५ जानेवारी
पाणी आणायला गेलो. माझा बिल्ला. माझं खातं एकट्याचं. काचेवर १ आला — मग खाच वाजली.
२.

खोलीवर आलो. दुपार आहे, दार सताड उघडं, बाहेर ट्रॉल्या चालल्यात. घागर समोर ठेवलीय. गळ्यापर्यंत होती. आता निम्मी —
त्याच्या वतीने हो म्हणणारा मीच. म्हणून तो —
घसा कोरडा पडलाय. तळ दिसायला लागला —
सर्जेराव दारात आलेत. हसून म्हणतात, सायेब, पाव्हन्याला बसा तरी म्हना, कवाचे तुमच्या मागं हुबे —